मागची बाजू

बस भुजच्या बाहेर पडली आणि केतनने माईक हातात घेतला, तशी शेवंती सावरून बसली.

केतन म्हणजे सहलीचा टूर मॅनेजर. बोरिवलीचा, तिशीच्या आतला, आणि आईच्या पोटातून माईक घेऊनच बाहेर आला असावा असा बडबड्या. बसमधल्या सगळ्या बायका त्याच्या काकू आणि सगळे पुरुष काका. सकाळी हॉटेलच्या दारात त्याने एकेकाच्या डोक्यावर कंपनीची पिवळी टोपी स्वतः चढवली होती. "आता सगळ्या काकूंनी उखाणे घ्यायचे," तो म्हणाला, "आणि काका लोक, तुम्ही सुटलात असं समजू नका. तुम्ही पण काकूंचं नाव घ्यायचं!"

बसमध्ये हशा उसळला. शेवंतीने शेजारी पाहिलं. तिचा नवरा खिडकीला कपाळ टेकून बाहेरची बाभळीची झुडपं बघत होता. त्याचं नाव धोंडू. हे सांगायचं काम आपलं, कारण ती काही सांगणार नाही.

लग्न होऊन आली त्या दिवसापासून तो 'अहो' होता, चार लोकांत 'हे' होता आणि मुलगा झाल्यावर 'सिद्धेशचे बाबा' झाला. बँकेत कुणी नाव विचारलं तर ती मुकाट्याने पासबुक पुढे करायची. नाव उच्चारलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईने सांगितलं होतं. तिचा त्यावर विश्वास होता असंही नाही. पण उगाच परीक्षा कशाला बघा, म्हणून तिने ती कधी बघितली नव्हती. उखाण्यात मात्र चालतं. तिथे नाव दोन ओळींच्या घडीत नीट गुंडाळून दिलेलं असतं.

माईक तिच्यापाशी आला तेव्हा ती उभी राहिली आणि एका दमात म्हणून मोकळी झाली: "मुलुंडच्या गॅलरीत तुळस लावली जोडीने, धोंडूरावांचं नाव घेते कच्छच्या गाडीत गोडीने." टाळ्या पडल्या. पुढच्या सीटवरून तिची मुलुंडची शेजारीण जानकी ओरडली, "झकास गं शेवंती!" शेवंती खाली बसायच्या आत केतनने माईक धोंडूच्या तोंडासमोर धरला.

धोंडूने माईककडे पाहिलं. मग केतनकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली, वाट चुकल्यासारखी. तेवढ्यात धोंडूने माईकवर दोनदा टिचकी मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हॅलो, चेक. सायलेन्स प्लीज!"

अख्खी बस हसून कोसळली. "काका एकदम फिल्मी!" म्हणत केतनने त्याला टाळी दिली आणि माईक पुढे गेला. शेवंतीही सगळ्यांबरोबर हसली.  बाकीच्यांना ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती, हे बसमध्ये तिला एकटीलाच माहीत होतं.

धोंडू तरुणपणी गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा लालबागची बरीच माणसं गावाला गेली, काही वॉचमन झाली, आणि धोंडूला गावच्याच एकाने गोरेगावच्या स्टुडिओत सेटिंगच्या कामाला लावलं. तिथे त्याने आयुष्यभर डोंगर बनवले. बांबूचा सांगाडा बांधायचा, त्यावर गोणपाट ताणायचं, वर प्लास्टर थापायचं आणि मग रंग. वाळवंटातल्या दऱ्या, डाकूंच्या गुहा, नायिकेने नाचत उतरायचे कडे, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. एकदा त्याने शेवंतीला सेटवर नेलं होतं. समोरून बघून ती गारच झाली, एवढा लालभडक कडा! तर तो तिला हाताला धरून कड्याच्या मागे घेऊन गेला. मागे नुसती बांबूची परांची होती. खाली कामगार पंखा लावून डबे खात बसले होते आणि एक जण चक्क घोरत होता. "बघलंस?" धोंडू म्हणाला होता. "लोकांका पुढची बाजू दिसता. आमची बाजू ही." त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो तिने सिद्धेशच्या नोकरीच्या दिवशीसुद्धा पाहिला नाही.

मग तो अधूनमधून म्हणायचा, एकदा खरी दरी बघूक होयी. ठोकून बघूक होयी. शेवंती म्हणायची, बघू. संसारात 'बघू' म्हटलेल्या गोष्टी बहुतेक बघायच्या राहूनच जातात. तीही राहिली.

आता ते सिद्धेशच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये राहत होते. पावसाळ्यानंतर एके दिवशी सिद्धेश आणि सून श्रुतिका ऑफिसला गेल्यावर धोंडू डब्याची पिशवी घेऊन खाली उतरला आणि गेटपाशी गोरेगावची बस कुठून सुटते ते विचारत उभा राहिला. शिफ्ट आहे म्हणाला. वॉचमनने त्याला वर आणून सोडलं. शेवंतीने वॉचमनला गयावया करून गप्प राहायला सांगितलं आणि डब्याची पिशवी माळ्यावर टाकली. नंतरही असं काहीबाही होत राहिलं. कधी संडासात दिवा लावायचं बटण सापडायचं नाही, कधी श्रुतिकाला तो 'बाई' म्हणायचा. शेवंती पुढे पुढे होऊन सगळं झाकायची. कारण बिल्डिंगमधल्या एका म्हाताऱ्याविषयी बोलताना सिद्धेश एकदा सहज म्हणाला होता, "अशा माणसांना घरी ठेवणं सोपं नसतं, आई. त्यांच्यासाठी जागा असतात, तिथे नीट बघतात." तो दुसऱ्याच्या बापाबद्दल बोलत होता. पण शेवंतीच्या काळजात ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं होतं. कळलं, तर ह्यांना नेतील. त्यापेक्षा कळूच नये.

आणि सगळं पुसून जायच्या आत ह्यांना खरी दरी दाखवायची. म्हणून ही सहल. सिद्धेश म्हणाला होता, "बाबांना एवढ्या लांब कशाला नेतेस?" शेवंती म्हणाली, "जानकी आहे ना सोबत." आणि निघताना केतनने विचारलं, "काकांना काही त्रास वगैरे नाही ना?" तर ती म्हणाली होती, "छे रे, ते फक्त बोलतात कमी."

बस एका वाडीपाशी थांबली. पुढे जीपने आणि मग पायी. तिथला गाईड चंद्रप्रकाश पुढे झाला. मुंबईच्या पाहुण्यांकडून तो थोडं मराठी शिकला होता आणि ते सगळीकडे वापरायचा. "काकू, सावकाश. काका, सावकाश. पांढरा निशाण आहे ना, त्याच्या आत राहायचं. बाहेर दगड खोटा आहे, सरकतो."

दरी एकदम समोर आली. सपाट माळ चालता चालता पायाखालची जमीनच संपली आणि खाली लाल, गुलाबी, जांभळट पट्ट्यांचे कडे उभे राहिले. तळाशी हिरव्या पाण्याचे डोह. थंडीचे दिवस असूनही तापलेल्या दगडातून गरम झळा येत होत्या. सगळ्यांचे मोबाईल वर गेले. शेवंतीने दरीकडे धड पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली होती, बसमधून उतरल्यापासून.

धोंडूचा चेहरा उजळला होता. तो काठावरच्या एका उंच दगडाला हात लावत होता, बोटाच्या पेराने ठोकून कान लावत होता. "काम काय झकास केल्यानी गो," तो म्हणाला. "जोड दिसतच नाय. खंयच्या मिस्त्रीचा काम ह्या?"

"देवाचा," शेवंती म्हणाली. तिला बरं वाटलं. एवढ्यासाठीच तर आणलं होतं.

"मागची बाजू खंय?"

"बघूया मगे," ती म्हणाली. न ऐकता म्हणाली. जानकी हाका मारत होती.

"ये ना गं, आपला दोघींचा एक फोटो! सौरभला पाठवते." सौरभ जानकीचा मुलगा, तिकडे पुण्याला असतो. शेवंती नको नको म्हणत होती. जानकीने तिला ओढलंच. शेवंतीच्या हातातून बाही सुटली. जानकीने आधी तिची टोपी सरळ केली, मग स्वतःची, मग फोटोत डोळे मिटले म्हणून दुसरा काढला, मग दरी नीट आली नाही म्हणून तिसरा. शेवंतीने मागे वळून पाहिलं तेव्हा त्या दगडापाशी कुणी नव्हतं.

आधी ती घाबरली नाही. घाबरायचं नाही असं तिने ठरवलं. इथेच असतील. पिवळ्या टोप्या सगळीकडे विखुरल्या होत्या. ती एकीकडे गेली, तो ठाण्याचा कुणी मास्तर निघाला. दुसरीकडे गेली, तर ती बाईच निघाली. सगळ्यांना एकच टोपी घालणाऱ्या केतनला तिने मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. चालत होती ती हळूच, दरी बघत फिरल्यासारखी, कारण धावली असती तर सगळ्यांना कळलं असतं.

"ह्यांना पाहिलंत का?" तिने एका बाईला विचारलं.

"कुणाला?"

"आमच्या ह्यांना."

"आमचे हे पण मघापासून सापडत नाहीत," ती बाई हसत म्हणाली. "सोडा हो, येतील. जातात कुठे!"

शेवंती तशीच पुढे गेली. कड्याच्या काठाने पांढऱ्या खुणा होत्या तिथपर्यंत गेली आणि खाली डोकावली. डोहाचं पाणी अगदी स्थिर होतं.  आपण वेळ घालवतोय, हे तिला लख्ख कळलं. लाज वाचवायला माणूस घालवायचा का? ती वळली आणि केतनकडे धावत सुटली.

"केतन, हे नाहीत कुठे."

"असतील काकू, टेन्शन नका घेऊ. काकाऽऽ!" त्याने तोंडाशी हात धरून हाक मारली. दरीने ती हाक उचलली आणि समोरच्या कड्यावर, बाजूच्या कड्यावर, खाली, सगळीकडून काका-काका-काका असं परत आलं. इकडून तिकडून पाच-सहा काकांनी ओ दिली. केतनचं हसू जरा उतरलं. "काकू, नाव काय काकांचं? नावाने हाक मारतो."

शेवंतीने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. सकाळीच तर माईकवर घेतलं होतं. पण तो उखाणा होता. "ते... सिद्धेशचे बाबा," ती म्हणाली.

"धोंडू," मागून जानकी म्हणाली. तीही आता घाबरली होती. "धोंडू नाव आहे."

"धोंडूकाकाऽऽ!" दरीने त्याचेही तुकडे केले. कुणी ओ दिली नाही.

"केतन," शेवंती म्हणाली, आणि मग तिने ते सांगून टाकलं, जे आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. "ह्यांना विसरायला होतं रे. आपण कुठे आहोत ते त्यांना कळत नाही कधी कधी. मी तुला खोटं सांगितलं."

केतनने तिच्याकडे पाहिलं.  बोलबोल बोलणारा मुलगा गप्प झाला, तेव्हा शेवंतीची उरलीसुरली आशा गेली. त्याने चंद्रप्रकाशला हाक मारली. चंद्रप्रकाश ऐकून घेऊन थेट डोहांच्या वाटेने खाली पळाला. पाण्याकडे का पळाला, हे त्याला विचारायची गरज नव्हती.

सगळ्यांना एका जागी बसवून केतन म्हणाला, "काकू, आठवा. शेवटचं काय बोलले काका?"

शेवंतीने डोळे मिटले. काम झकास केल्यानी. खंयच्या मिस्त्रीचा. आणि मग... तिचे डोळे खाडकन उघडले.

"मागची बाजू," ती म्हणाली.

"काय?"

"ते डोंगराची मागची बाजू शोधायला गेलेत. त्यांना हा सेट वाटतोय रे! कुठून जाता येतं मागे?"

ज्या दगडाला धोंडू ठोकत होता, त्याच्या पलीकडे कड्यात एक चीर होती. माणूस आडवा होऊन जाईल एवढी. पांढरी खूण तिच्या अलीकडेच संपत होती. तोंडाशी वाळूत चपलेचा ताजा ठसा होता. शेवंती आत घुसली आणि मागोमाग केतन. अंग दोन्हीकडून घासत होतं, साडी अडकत होती, वर आभाळाची फक्त एक पट्टी दिसत होती. आतून तिला एक आवाज आला. ठक, ठक. थांबून पुन्हा ठक. जिवंत आहेत, एवढंच तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

चीर संपली आणि पुढे उजेड झाला. शेवंतीने पाहिलं आणि भिंतीला धरलं.

समोर दगडाची एक जीभ दरीवर पुढे आलेली होती. धोंडू तिच्या टोकाला होता. पालथा होऊन, दोन्ही हातांनी दगडाची कड धरून, त्याने कमरेपासून खालचं अंग कड्यावरून बाहेर सोडलं होतं आणि एका पायाने तो खाली चाचपत होता. तो परांचीचा बांबू शोधत होता. आयुष्यभर तो डोंगरावरून तसाच उतरला होता. खाली बांबू नव्हता. खूप खाली दगड होते आणि पाणी होतं.

केतन पुढे झेपावणार तेवढ्यात त्याच्या पायाखालचा एक दगड सुटला आणि गडगडत गेला. बराच वेळ गेल्यावर त्याचा आवाज आला. त्या जिभेवर पळत जायची सोय नव्हती.

"काका, थांबा! हलू नका!" केतन ओरडला.

"उतरतोय ना बाबा!" धोंडू चिडून म्हणाला. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. "घाई काय करता? माणूस पडला तर कोण भरून देणार?" आणि तो आणखी थोडा खाली सरकला.

शेवंतीने केतनचं मनगट घट्ट पकडलं. "ओरडू नको," ती कुजबुजली. "कामावर हाका मारतात असं वाटतंय त्यांना."

मग तिने स्वतः हाक मारली. "अहो."

तो पायाने चाचपत होता.

"अहो! मी आहे. इकडे बघा."

'अहो' काय, सेटवर दिवसभर कुणीही कुणालाही म्हणतो. त्याच्या कानांना तो शब्द आता कुणाचाच नव्हता. उभ्या जन्मात ज्या एका हाकेवर तिचा संसार चालला होता, तिला उत्तर आलं नाही. धोंडूच्या कोपराखालची रेती सरकली. त्याचं एक कोपर घसरलं आणि पुन्हा अडकलं. केतनच्या तोंडून काहीतरी विचित्र आवाज निघाला.

तेव्हा शेवंतीला सासू आठवली.

कुडाळकडच्या त्यांच्या गावात, लग्न नवीन असताना, गिरणीच्या सुट्टीत धोंडू घरी आला की दिवसभर रानात नाहीतर व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, असायचा. जेवायची वेळ झाली की सासू घरापुढच्या खळ्यात उभी राहायची, पदर कमरेला खोचायची आणि एक हाक द्यायची. शेवटी लांबवलेली, किंचित चढत गेलेली. तो कुठेही असो, मिशा फुटलेला बाप्या असो, हाक ऐकली की हातातलं टाकून पोरासारखा धावत यायचा. नवी नवरी शेवंती दाराआडून बघत हसायची. सासू जाऊन आता किती वर्षं झाली. ती हाक शेवंतीने कधी म्हणून पाहिली नव्हती. म्हणणार कशी? तिच्यात नाव होतं.

तिने पदर कमरेला खोचला. छाती भरून घेतली.

"धोंड्या रेऽऽऽ!"

दरीने या हाकेचे तुकडे केले नाहीत. ती लांबच लांब होती, तशीच पलीकडच्या कड्याला जाऊन परत आली. धोंडूचा पाय थांबला. त्याने मान वर केली.

"धोंड्या रेऽऽऽ! खंय आसस? पेज निवान गेली मरे! बेगीन घराक येऽऽ!"

"इलंय गे आये!" धोंडू म्हणाला.

आणि तो वर आला. गुडघा कडेवर टेकवून, ढोपरं खरचटून घेत, म्हातारा माणूस बेगीन बेगीन वर आला. दगडाच्या जिभेवरून रांगत आला. केतनने पोटावर पडून हात लांबवला, त्याचा दंड धरला आणि त्याला आत ओढून घेतलं. मग तिघेही भिंतीला टेकून तिथेच बसले. केतन रडत होता. त्याची टोपी कुठेतरी पडली होती.

धोंडूने शेवंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"शेवंते, तू हय? आये खंय गेली? आत्ता हाक मारी होती."

शेवंतीने त्याच्या केसातली रेती झटकली.  नवरा हाती लागला होता, तिला पायापासून डोक्यापर्यंत बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी मेलेल्या सासूचा तिला एवढा हेवा वाटला की तिची तिलाच लाज वाटली. इतकी वर्षं रांधलं, वाढलं, उशाला बसून दुखणी काढली, आणि वेळेला तो वर आला तो आईसाठी.

"घराक गेली," ती म्हणाली. "माका सांगून गेली, ह्याका आता तू सांभाळ."

धोंडूने मान हलवली. त्याला ते पटलं.

बाहेर आल्यावर चंद्रप्रकाशने धोंडूचे दोन्ही हात धरून आधी देवाचं नाव घेतलं आणि मग केतनला आपल्या भाषेत चांगलं झापलं. बसमध्ये कुणी उखाणे घेतले नाहीत. जानकी शेवंतीशेजारी येऊन बसली आणि तिने खरचटलेल्या ढोपरांना मलम लावलं. फोटोचं तिने नाव काढलं नाही. केतन येऊन हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"होय रे," शेवंती म्हणाली. "हवं होतं."

मोबाईलला रेंज आली तसा तिने सिद्धेशला फोन लावला. सगळ्यांच्या देखत लावला, आवाज न दाबता. डब्याच्या पिशवीपासून आजच्या दगडापर्यंत सगळं सांगितलं. "मी लपवलं, माझं चुकलं. पण आता ऐक, सिद्धेश. डॉक्टर म्हणशील तो करू. घरात माणूस ठेवायचा तर ठेवू. पण ह्यांना कुठे नेऊन ठेवायचं मला सांगायचं नाही. ते हाक कुणाची ऐकतात ते मला माहीत आहे, त्या जागेतल्या लोकांना नाही."

 मग सिद्धेश म्हणाला, "आई, तू ठीक आहेस ना?"

एवढं सगळं झाल्यावर रडू आलं ते त्या प्रश्नाला.

उन्हं कलली होती. बाभळीची झुडपं उलटी पळत होती. धोंडू खिडकीला कपाळ टेकून बसला होता, सकाळी बसला होता तसाच.

"अहो," शेवंती म्हणाली. सवयीने. "पाणी देऊ?"

त्याने ऐकलं नाही. तिने थोडं थांबून पुन्हा म्हटलं, "अहो." त्याचं लक्ष बाहेरच होतं. ती दुसरी हाक तिच्या जिभेवर आली होती. मारली असती तर त्याने लगेच मान वळवली असती. पण ती तिने मारली नाही. लागेल तेव्हा उसनी घेईन, तिने मनाशी म्हटलं, रोज नको. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि मांडीवर ठेवली.

"शेवंते."

ती दचकली. तो तिच्याकडे बघत होता.

"काय?"

"मी मागसून बघून इलंय," धोंडू म्हणाला. आवाज अगदी शहाणा होता, जुना. "मागे परांची नाय. बांबू नाय, गोणपाट नाय. कायच नाय." त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "खराच हा गो सगळा."

"होय," शेवंती म्हणाली. "खराच हा."

तो पुन्हा खिडकीकडे वळला. तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत घेतली आणि बस भुजला पोहोचेपर्यंत धरून ठेवली.